भाकरी दर पंधरा दिवसांनी का मोडते? आधी पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहण्याची ताकद, बघा

आठ दिवस भाकरी छान होते. टम्म फुगते, पापुद्रा सुटतो, पोरं तव्यावरची मागून खातात. आणि मग एका संध्याकाळी त्याच परातीत, त्याच डब्यातलं पीठ घेऊन बसावं, तर उंडा दाबल्या दाबल्या कडेला भेगा. जरा मोठी थापली की मधूनच फाटते. उचलून तव्यावर टाकेपर्यंत हातात दोन तुकडे. दळण आणलं की पुन्हा काही दिवस बरे जातात, आणि पुन्हा तेच.

माझ्याकडे हे सात-आठ वर्षं चाललं होतं. माझं माहेर खटाव तालुक्यातलं, सासर सांगलीत. माहेरी दोन वेळा भाकरी, त्यामुळे थापायची सवय लहानपणापासूनची. तरीही लग्नानंतर भाकरी मोडायला लागली तेव्हा मी पहिला दोष हाताला दिला. मग तव्याला दिला आणि बिडाचा तवा आणला. मग गॅसला, मग सांगलीच्या पाण्याला. यातलं एकही कारण खरं नव्हतं. ज्यांच्या घरी असंच चाललं असेल त्यांच्यासाठी मला जे सापडलं ते सगळं इथे लिहिते आहे, कारण भाकरी जमत नाही म्हणून ती करणंच सोडून दिलेल्या दोघी-तिघी माझ्या ओळखीत आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण सापडायला सुरुवात झाली ती ऑगस्ट २०१९ च्या पुरात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि आम्ही मिरजेला नणंदेच्या घरी जाऊन राहिलो. घरात बारा माणसं. जोंधळ्याच्या, म्हणजे ज्वारीच्या, पिठाच्या पिशव्या कुणीतरी आणून दिल्या होत्या, पण त्याची एकही भाकरी परातीतून धड उचलत नव्हती. मी आईला फोन लावला. तिने तवा विचारला नाही, हात विचारला नाही. म्हणाली, "पिठाला विरी हाय का, ते आधी बघ. नसंल तर पाण्याला चांगली उकळी आण, आन् त्यात पीठ भिजव." तसं केलं, आणि त्याच पिठाच्या चाळीसेक भाकरी झाल्या.

त्या दिवशी उपाय कळला, पण कारण कळायला आणखी वर्ष गेलं. घरी परत आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करायला लागले. दळण आणलं त्या तारखेला गोल, भाकरी मोडली त्या तारखेला फुली. चार-पाच महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. फुल्या दळणानंतर साधारण बारा-पंधरा दिवसांनी सुरू व्हायच्या आणि डबा संपेपर्यंत वाढत जायच्या. जून ते सप्टेंबर त्या आठव्या-नवव्या दिवसापासूनच दिसायच्या. म्हणजे मोडत होती ती माझी भाकरी नव्हे, डब्यातलं पीठ होतं.

आईने हे मला आधी का सांगितलं नाही, असं मी तिला एकदा विचारलं. तिला प्रश्नच कळेना. तिच्या घरात पीठ आठवड्याच्या वर कधी राहिलंच नव्हतं. बाजाराच्या दिवशी पोत्यातून शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा, काढायचा, निवडायचा, डोक्यावरून गिरणीत न्यायचा, आणि पुढच्या बाजारापर्यंत डबा रिकामा. मी मात्र महिन्याचं दहा किलो एकदम दळून आणत होते. कारण गिरणी लांब, वेळ कमी, आणि डबा मोठा. तिने मला थापायचं कसं, पाणी फिरवायचं कसं, सगळं शिकवलं. दर आठवड्याला दळण आणणं हा तिच्या लेखी भाकरी शिकवण्याचा भाग नव्हता, ती घराची रीतच होती. माझ्याकडून तीच रीत सुटली होती.

विरी म्हणजे काय, तर पिठाने पाणी धरून एकमेकाला चिकटून राहण्याची ताकद. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, ते रबरासारखं ताणलं जातं, म्हणून चपाती जुन्या कणकेचीही लाटता येते. जोंधळ्यात ग्लुटेन नाही. भाकरी धरून राहते ती पिठातल्या स्टार्चवर. बारीक दळलेलं ताजं पीठ गरम पाण्यात रगडलं की स्टार्च पाणी पितो, फुगतो आणि खळीसारखा चिकट होतो. पीठ जुनं होईल तशी ही चिकटण्याची ताकद उतरते. त्यातच जोंधळ्याच्या अंकुरात तेल असतं. दाणा अख्खा असतो तोवर ते तेल आत सुरक्षित असतं, पण दळलं की सगळ्या पिठाला लागतं, हवा लागून खवट व्हायला लागतं, आणि पीठ जिभेवर कडसर लागतं. उष्ण आणि दमट हवेत हे लवकर होतं, म्हणून पावसाळ्यात फुल्या जास्त.

विरी आहे का ते बघायला दोन मिनिटं लागतात आणि रोजच्या भाकरीच्या आधी ती द्यावीत असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. मूठभर पीठ साध्या पाण्यात घट्टसर मळा, लिंबाएवढी गोळी करा आणि तळव्यावर दाबा. कड गुळगुळीत राहिली तर विरी आहे. बारीक चिरा पडल्या तर उतरायला लागली आहे, गरम पाण्याने काम होईल. गोळी दाबताच फुटून वेगळी झाली तर उकड काढल्याशिवाय इलाज नाही. मग कोरडं पीठ चिमूटभर जिभेवर ठेवा. कडवट लागलं तर भाकरीचा विचार सोडा. उकळत्या पाण्याने विरीची उणीव भरून निघते, पण कडूपणा जात नाही, आणि तसली भाकरी पोटालाही बरी नाही.

आता आजच्या रात्रीची सोय. पीठ थोडं उतरलेलं असेल तर दोन वाट्या पिठाला एकूण सव्वा ते दीड वाटी पाणी लागतं. त्यातलं वाटीभर पाणी खळखळ उकळवा. नुसतं कोमट किंवा हाताला सोसेल इतकं गरम चालत नाही, इथेच बहुतेकींचं चुकतं. स्टार्च नीट फुगायला साधारण ७० अंशांच्या आसपासची उष्णता लागते, आणि थंड परातीत थंड पिठावर ओतलेलं पाणी लगेच निवतं, म्हणून ते उकळतंच घ्यायचं. पिठात मध्ये आळं करून ते पाणी ओता, उलथन्याच्या दांड्याने कालवा आणि वर ताटली झाकून पाच मिनिटं थांबा. त्या पाच मिनिटांत आतल्या वाफेने काम होतं. मग हाताला सोसेल तसं साधं पाणी लावत, मनगटाजवळच्या तळव्याने पीठ पुढे रेटत रगडा. चार-पाच मिनिटं तरी रगडायचंच. सुरुवातीला ते भुगाभुगा होतं, मग एकाएकी मऊ होऊन परात सोडतं. तो क्षण हाताला कळतो, आणि एकदा कळला की विसरत नाही.

पीठ अगदीच गेलेलं असेल तर पूर्ण उकड काढावी लागते. वाटीभर पाणी पातेल्यात उकळवा, किंचित मीठ टाका, गॅस बारीक करून त्यात वाटीभर पीठ एकदम घाला, ढवळा, झाकण ठेवून गॅस बंद करा. दहा मिनिटांनी परातीत काढून हात ओला करत मळा. फार चिकट वाटली तर थोडं कोरडं पीठ मिसळा. या भाकरीला ताज्या पिठाची गोडी येत नाही, पापुद्राही जरा जाड सुटतो. पण ती मोडत नाही.

ही उकड आईला तिच्या आईने शिकवली, तेव्हा आई चौदा वर्षांची होती. साल १९७२. माण-खटावात पाऊस नाही, घरचा शाळू संपलेला, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. त्या मिलोच्या पिठाची भाकरी साध्या पाण्यात मुळीच जमत नसे. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून आलेल्या माणसांच्या ताटात तुकडे वाढायचे नाहीत, असा आजीचा हट्ट होता. ती रोज पातेलंभर उकड काढायची आणि आई शेजारी बसून मळायची. मिलोचा रंग आणि वास आईला अजून आठवतो. ती हे सांगताना गप्प होते, म्हणून मीही जास्त विचारत नाही. पण पुरात मला फोनवर जे अर्ध्या मिनिटात मिळालं, ते त्या दुष्काळातून आलेलं होतं, हे माझ्या मुलीला माहीत असावं असं मला वाटतं. म्हणून तिला उकड शिकवताना मी ही गोष्टही सांगते.

गरम पाणी ही अडल्या वेळची सोय. कायमचा उपाय दळणाचा आहे. एका वेळी दहा दिवसांपुरतंच दळा. आमच्या पाच माणसांच्या घरात रोज एकवेळ भाकरी होते, तर अडीच-तीन किलो पुरतं. दाणा वर्षभर टिकतो, पीठ टिकत नाही, एवढं धरून चाललं की झालं. पावसाळ्यात मी निम्मं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवते आणि लागेल तसं आदल्या रात्री बाहेर काढते. गार पीठ थेट मळू नका, पाणी निवतं. डब्यावर दळणाची तारीख चिकटवा. जुन्या पिठावर नवं पीठ ओतू नका, जुनं संपवून डबा पुसून कोरडा करूनच नवं भरा. खाली राहिलेलं मूठभर खवट पीठ नव्याचीही चव बिघडवतं.

गिरणीत दोन गोष्टी बघायच्या. एक, आपल्या आधी काय दळलं जात होतं. जोंधळ्यावर जोंधळा आला तर उत्तम. आधी हरभऱ्याची डाळ दळली असेल तर पहिलं पसाभर पीठ वेगळं काढायला सांगा. दोन, पीठ बारीक हवं. चपातीची कणीदार कणीक चालते, भाकरीला रवाळ पीठ चालत नाही, कारण जाड कणाला आतपर्यंत पाणी लागत नाही आणि तिथेच भेग पडते. बोटांच्या चिमटीत चोळून बघा, खर लागता कामा नये. घरी आणल्यावर गरम पीठ तसंच डब्यात कोंबू नका. स्वच्छ कापडावर पसरून निवू द्या, नाहीतर आतल्या आत घाम धरून गुठळ्या होतात. माझी आई पाच किलो शाळूला मूठभर उडीद टाकायची, त्याने चिकटपणा वाढतो. सासूबाई मूठभर तांदूळ टाकतात, त्याने भाकरी पांढरी आणि मऊ होते. मी उडदाच्या बाजूची आहे. गव्हाचं पीठ मिसळायचा सल्ला मात्र मला पटत नाही. भाकरी मोडत नाही हे खरं, पण गार झाली की वातड होते आणि जोंधळ्याची चव हरवते.

दाणा घेताना शाळू मागा, म्हणजे रब्बीचा. मालदांडी जातीचा टपोरा, मोत्यासारखा, पिवळसर पांढरा दाणा भाकरीला सर्वांत चांगला. जतच्या किंवा माणदेशाच्या बाजूचा शाळू ओळखीतून मिळाला तर मी वर्षाचा घेऊन ठेवते. खरिपातला हायब्रीड जोंधळा स्वस्त असतो, पण त्याच्या काढणीच्या वेळी पाऊस लागला तर दाणा काळवंडतो, कधी कणसातच अंकुरतो. अशा दाण्यातला स्टार्च आधीच खर्ची पडलेला असतो. त्याचं पीठ कितीही ताजं असलं तरी हाताला चिकटतं आणि भाकरी फुगत नाही. दाण्यावर काळे ठिपके दिसले तर घेऊच नका.

पीठ ताजं आहे, विरी आहे, तरी भाकरी बिघडते, असंही होतं. तेव्हा कुठे बिघडते ते नेमकं बघा.

थापतानाच कड फाटत असेल तर रगडणं कमी पडलंय किंवा पाणी कमी आहे. उंडा हातात फिरवून त्याच्या कडेला भेग राहिली नाही ना ते थापायच्या आधी बघा, कारण उंड्याची बारीक चीर भाकरीत बोटभर होते. थापताना जोर मधे नको, बोटांनी कडेकडेने थापत फिरवायची. मधे पातळ झाली की उचलताना तिथेच तुटते. परातीत भाकरी फिरत नसेल तर खाली पीठ कमी आहे. पण पीठ फार घेतलं तर भाकरी खालून कोरडी पडून तडकते. आणि भिजवलेलं पीठ ठेवून देऊ नका. चपातीची कणीक मुरायला ठेवतात, भाकरीचं पीठ एका-दोन भाकऱ्यांपुरतंच मळून लगेच थापायचं. उकड काढलेली असली तरी प्रत्येक उंडा पुन्हा रगडूनच घ्यायचा.

फुगत नसेल तर दोष बहुधा पाणी फिरवण्यात आणि उलटण्याच्या वेळेत असतो. परातीला टेकलेली पिठाची बाजू तव्यावर वर येते. तिच्यावर ओला हात किंवा ओलं फडकं फिरवून सगळीकडे पाणी लावायचं, कोरडं पीठ दिसता कामा नये. ते पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, तेव्हाच उलटायची. वाट बघत बसलात तर वरची बाजू तडकते आणि त्या चिरांतून वाफ निघून जाते. घाई केलीत तर ओली बाजू तव्याला धरते. दुसरी बाजू मात्र निवांत, नीट भाजू द्या. भाकरी फुगते ती दोन्ही बाजूंचे पापुद्रे बंद होऊन आतली वाफ कोंडल्यामुळे, म्हणून कुठेही छिद्र चालत नाही. शेवटी तवा उतरवून पहिली बाजू थेट आचेवर धरायची. चुलीवर आई आर, म्हणजे निखारे, पुढे ओढून भाकरी उभी टेकवायची, तशी गॅसवर येत नाही, पण मोठ्या आचेवर भराभर फिरवली की बरीचशी साधते. तवा आधीच चांगला तापलेला हवा. कमी तापलेल्या तव्यावर भाकरी भाजत नाही, नुसती वाळते.

फुगूनही थोड्या वेळाने कडक होत असेल तर ती ठेवण्याची चूक आहे. भाकरी निवताना स्टार्च पुन्हा आवळतो, ते कुणाला थांबवता येत नाही, पण वाफ धरून ठेवली तर उशीर लागतो. आचेवरून काढलेली भाकरी एक-दोन मिनिटं टोपलीत उभी टेकवायची, म्हणजे तळाला घाम सुटत नाही, मग सुती फडक्यात गुंडाळून झाकायची. स्टीलच्या डब्यात गरम टाकली की खालून ओली आणि वरून वातड होते.

बाजरीला हे सगळं लागू आहे, फक्त मुदत आणखी कमी. बाजरीत तेल जोंधळ्यापेक्षा जास्त, म्हणून पीठ आठवड्यातच कडू पडतं. संक्रांतीच्या सुमाराला हवा थंड असते तेव्हा जरा जास्त टिकतं. बाजरी एका वेळी किलोच्या वर दळू नका.

विरी गेलेलं पण कडू न झालेलं पीठ उरलं असेल तर टाकू नका. त्याचे धपाटे करा. कांदा, कोथिंबीर, लसूण-मिरची, दही आणि थोडं डाळीचं पीठ घालून ओल्या फडक्यावर थापले की विरीची गरज पडत नाही, बाकीच्या जिनसा धरून ठेवतात. उन्हाळा असेल तर आंबील करा. दोन-तीन चमचे पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं, सकाळी पाणी घालून शिजवायचं, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, आणि वरून आणखी ताक. कडू झालेलं पीठ आई म्हशीच्या आंबोणात घालायची. माझ्याकडे म्हैस नाही, पण डब्यावर तारीख लिहायला लागल्यापासून पीठ कडू होईपर्यंत राहिलेलंही नाही.